कुंड, दप्तर आणि चावडी



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला वर्गात अंकगणित शिकविले. परंतु आकडा म्हणजे काय हे मी त्यांच्याकडून शिकलो ते वर्गाबाहेर, शाळेच्या आवारातील पर्जन्यमापकापाशी. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठ वाजता ते त्या जस्ताच्या नळकांड्याजवळ उकिडवे बसत, वरचे नरसाळे काढीत, आतील बाटलीतले पाणी काचेच्या मापनपात्रात ओतीत, आणि पात्र डोळ्याच्या रेषेत धरून पाण्याच्या खोलगट पृष्ठभागाचा तळ ज्या रेघेला टेकला असेल ती रेघ मोठ्याने उच्चारीत. वहीत आकडा लिहिण्याचे काम माझ्याकडे असे. एकदा मृगाचे चार दिवस कोरडे गेले आणि मी त्या चार दिवसांच्या रकान्यांत काहीच लिहिले नाही. पाचव्या दिवशी गुरुजींनी वही पाहिली आणि मला जवळ बसवून सांगितले, "बाळा, रिकामी जागा म्हणजे तू पाहिलेच नाहीस. शून्य म्हणजे तू पाहिलेस आणि पाऊस नव्हता. या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे." ती चार शून्ये मी त्यांच्यासमोर लिहिली. आज ज्या विषयावर बोलण्यासाठी आपण मला पाचारण केले आहे, म्हणजे देशाच्या निसर्गाची अखंड पाहणी आणि त्या पाहणीचे फलित लोकांच्या स्वाधीन करणे, त्या विषयाचे बीज माझ्यापुरते त्या चार शून्यांत आहे.

हा विषय मोठ्या शहरांतील विद्वत्सभांचा आहे, यवतमाळ जिल्ह्यातील कळंबसारख्या तालुक्याच्या गावाशी त्याचा संबंध काय, असे कोणास वाटेल. मला अगदी उलट वाटते. या गावाइतके या विषयाचे जुने अधिष्ठान मला दुसरे ठाऊक नाही. चिंतामणीच्या दर्शनाला आपण चढून जात नाही, उतरून जातो. रस्त्याच्या पातळीपासून पायऱ्यापायऱ्यांनी खाली, जिथे उन्हाळ्याच्या दुपारीही दगड गार लागतो आणि ओल्या मातीचा वास येतो, अशा ठिकाणी तो गणपती बसला आहे आणि त्याच्यासमोर कुंड आहे. इंद्राने ही स्थापना केली अशी कथा आपण लहानपणापासून ऐकली. कित्येक वर्षांनी, बारा वर्षांनी असे जुनी माणसे सांगतात, या कुंडाचे पाणी आपोआप चढते, देवाच्या चरणांना स्पर्श करते आणि ओसरते. तेव्हा आसपासच्या गावांतून माणसांची रीघ लागते. या श्रद्धेला धक्का लावण्याचे माझ्या मनात नाही. मला इतकेच म्हणावयाचे आहे की, जमिनीच्या पातळीखाली इतक्या खोलवर जे पाणी बाहेरून कोणी न ओतता चढते आणि उतरते, ते या भूमीच्या पोटातल्या पाण्याचेच दर्शन असले पाहिजे. आणि ज्या पूर्वजांनी त्या पाण्याच्या काठी देव बसविला, त्यांनी जाणता अजाणता एक भूजलमापक उभारला, ज्याची शून्यरेषा म्हणजे चिंतामणीचे चरण. "त्या साली देवाचे पाय भिजले होते" हे वाक्य माझ्या आजीच्या तोंडी एखाद्या शकासारखे येत असे. लग्ने, जन्म, बैलजोडीची खरेदी त्या सालापासून मोजली जात.

या मापकाचा एक मोठा गुण होता. तो सर्वांचा होता. पाणी चढले की ते पाटलाला जितके दिसे तितकेच मजुराला, आणि चाकरीला आलेल्या बाईला. त्याचा दोषही तितकाच मोठा होता: ते कोणी लिहून ठेवले नाही. किती बोटे चढले, कोणत्या नक्षत्रात चढले, किती दिवस टिकले, त्या वर्षी गावच्या विहिरींना किती परस पाणी होते, याची सलग वही असती, तर भूजलशास्त्राच्या अभ्यासकांनी या पायऱ्यांवर येऊन मुक्काम केला असता.

याच कळंबला दुसराही एक वारसा आहे, आणि तो दप्तराचा आहे. अकबराच्या राजवटीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडचा सुभा मोगलांकडे आला आणि 'आईन-इ-अकबरी'त त्या सुभ्यातील सरकारांची फेरिस्त नोंदली गेली, तीत कळंब हे एका सरकारचे ठाणे म्हणून आले आहे. सव्वाचारशे वर्षांपूर्वी येथील जमिनीचे मोजमाप, महसुलाचा तपशील आणि महालांची नावे एका बादशाही दप्तरात नोंदली जात होती! परंतु ते दप्तर ज्या जमिनीविषयी होते त्या जमिनीच्या कुळाला ते वाचता येण्याची सोय नव्हती. ते वर हुजुराकडे इरसाल होण्यासाठी लिहिले जात असे. तेव्हा एकाच गावात या दोन गोष्टी नांदल्या. कुंड सर्वांनी पाहिले आणि कोणी लिहिले नाही. दप्तर सगळे लिहिले गेले आणि कोणी पाहिले नाही. देशाच्या निसर्गपाहणीचा पुढला सारा इतिहास मला या दोन टोकांमधला वाटतो, आणि आपली पिढी अजून दप्तराच्या टोकाला अडकून पडली आहे.

येथून फार दूर नाही, वर्धा नदीपलीकडे हिंगणघाटला, विल्यम लॅम्बटन या इंग्रज मोजणीदाराचे दफन झाले आहे. 1802 साली मद्रासेहून त्याने हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीला आरंभ केला, आणि अठ्ठ्याहत्तराव्या रेखांशाच्या आसपास दक्षिणोत्तर त्रिकोणांची साखळी ओवीत तो वीस वर्षे वर सरकत राहिला. 1823 साली नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट मुक्कामी त्याचा देह पडला. ज्या रेखांशाच्या आधाराने या खंडप्राय देशाचा आकार प्रथम अचूक ठरला, तो आपल्या शेतशिवारापासून बैलगाडीच्या वाटेइतका जवळ आहे. इतक्या कष्टाने झालेल्या त्या मोजणीचे नकाशे मात्र फार काळ सामान्य माणसाच्या हाती आले नाहीत. स्वराज्यातही तपशीलवार नकाशावर निर्बंध राहिले; 2005 साली नकाशांचे नवे धोरण झाले, आणि 2021 च्या फेब्रुवारीत भारतीय नागरिकांना व संस्थांना नकाशाची सामग्री तयार करण्यास आणि वापरण्यास बव्हंशी मोकळीक मिळाली. लॅम्बटनच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी!

याच्या उलट एक उदाहरण मुंबईचे आहे, आणि त्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण त्यात या विषयाचे सर्वस्व आले आहे. कुलाब्याची वेधशाळा 1826 साली ईस्ट इंडिया कंपनीने स्थापिली, आणि 1840 नंतरच्या दशकापासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे नियमाने होऊ लागली. हे निरीक्षण कशासाठी, त्याचा शेतकऱ्याला काय उपयोग, व्यापाऱ्याला काय उपयोग, असे त्या काळी कोणी विचारले असते तर समाधानकारक उत्तर क्वचितच मिळाले असते. तरीही माणसे रात्रंदिवस त्या उपकरणांपाशी बसली, आणि त्यांनी आकडे लिहिले. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू करण्याचे ठरले, आणि विजेच्या प्रवाहाने चुंबकमापनात बिघाड होणार हे स्पष्ट झाले. तेव्हा नानाभाई मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक होते. त्यांनी अलिबागेस नवी वेधशाळा उभी केली, 1904 साली ती चालू झाली, आणि पुढली दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवण्यात आली, यासाठी की जुन्या जागेचा आकडा आणि नव्या जागेचा आकडा यांची रुजुवात व्हावी आणि साखळी तुटू नये. माझ्या मते निरीक्षकाच्या धर्माचे याहून शुद्ध आचरण दुसरे नाही. कारकून बदलला, खुर्ची बदलली, इमारत बदलली की आपल्याकडे नोंदवही नव्याने सुरू होते आणि जुनी कुठे गेली याचा पत्ता लागत नाही; मूस यांनी गाव बदलतानाही वही तुटू दिली नाही.

आणि त्यांनी ती वही कपाटात ठेवली नाही. 1846 ते 1905 पर्यंतची साठ वर्षांची चुंबकीय निरीक्षणे 1910 साली ग्रंथरूपाने छापून त्यांनी जगातील अभ्यासकांपुढे ठेवली. आता याचे फळ पहा. 1859 च्या सप्टेंबरात सूर्यावर प्रचंड उद्रेक होऊन पृथ्वीवर इतके मोठे चुंबकीय वादळ झाले की, युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे कोलमडली. त्या वादळाची तीव्रता किती होती हे एकविसाव्या शतकात, कृत्रिम उपग्रह आणि विजेची जाळी यांना अशा वादळाचा धोका किती हे ठरविताना, शास्त्रज्ञांना जाणून घ्यावेसे वाटले. तेव्हा 2003 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आधार घेण्यात आला तो कुलाब्याच्या 1859 मधील नोंदींचा. समुद्राकाठच्या खोलीत दिव्याच्या उजेडात कोणा अनाम निरीक्षकाने लिहिलेला आकडा दीडशे वर्षांनी साऱ्या जगाच्या कामी आला, कारण तो नेमाने लिहिला गेला होता, जपला गेला होता आणि छापला गेला होता. या तिहींपैकी एक जरी राहून गेले असते तरी बाकीचे दोन व्यर्थ होते.

भारतीय हवामान खात्याची स्थापना 1875 ची. 1864 च्या कलकत्त्याच्या चक्रीवादळाने आणि त्यानंतरच्या दुष्काळांनी ती सरकारला करावयास लावली. तेव्हापासून पावसाची नोंद हा मुलकी कारभाराचा भाग झाला. भूगर्भातील पाण्याकडे आपले लक्ष मात्र फार उशिरा गेले. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निर्माण झाली ती 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागे, जेव्हा गावोगावच्या विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि पाण्यासाठी बैलगाड्यांची रांग कोसभर लागत होती. या यंत्रणेने राज्याचे पंधराशेंहून अधिक पाणलोट पाडले, त्यांत निरीक्षण विहिरी निवडल्या, आणि ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे असे वर्षातून चार वेळा त्या विहिरींतील पाण्याची पातळी मोजण्याचा परिपाठ घातला. तो पन्नास वर्षे चालू आहे, आणि मी त्याला नम्रतापूर्वक वंदन करतो.

हे मोजणे कसे होते ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले नसेल. विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण केलेली असते. मोजणारा नेहमी त्याच खुणेवरून फीत सोडतो, कारण हातभर बाजूला सरकले तरी आकडा बदलतो. फितीच्या टोकाला वजन असते. ती खाली जाताना आधी काळ्या मातीचा थर मागे पडतो, मग मुरूम, मग ज्याला आपले विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात तो छिद्राछिद्रांचा मऊ खडक, आणि त्याखाली काळा पाषाण. वजन पाण्याला टेकले की एक बारीकसा आवाज होतो. तो ऐकण्यासाठी मोजणारा माणूस मोटारपंप बंद करावयास सांगतो आणि श्वास रोखून उभा राहतो. मग तो मीटर आणि सेंटिमीटर वाचतो, कठड्याची उंची वजा करतो आणि भूपृष्ठाखालील पातळी लिहितो. आपल्या या काळ्या खडकाची साठवण फार थोडी. शंभर घागरींच्या मापाच्या खडकातून सुटे पाणी हाती लागते ते एक-दोन, फार तर तीन घागरी. म्हणूनच एक मीटर पातळी उतरली याचा अर्थ आपल्याकडे काय होतो, हे ज्याच्या विहिरीवर तुरीचे नि गव्हाचे रान अवलंबून आहे, त्याच्याइतके कोणाला कळणार?

परंतु त्यालाच ते कळत नाही. आमच्या घराच्या शेतालगतची एक विहीर निरीक्षणासाठी घेतलेली होती. तिच्या तीस वर्षांच्या नोंदी पाहाव्या म्हणून मी एका कार्यालयात गेलो. मला सांगण्यात आले की, नोंदी वरिष्ठांकडे पाठविल्या जातात. वरिष्ठ कार्यालयात सांगण्यात आले की, संगणकावर चढविल्या आहेत. संगणकावर जे दिसले ते तालुक्याचे सरासरीचे कोष्टक होते, इंग्रजीत, आणि त्यात ती विहीर हरवून गेली होती. त्या कार्यालयांतील माणसे उद्धट नव्हती, आळशीही नव्हती. ज्याच्या विहिरीत फीत सोडली त्याला आकडा सांगावयाचा असतो, हे त्यांच्या कामाच्या तपशिलात कोणी लिहिलेलेच नव्हते.

राज्यात चाळीस हजारांहून अधिक गावे आणि निरीक्षण विहिरी चार हजारांच्या आतबाहेर. म्हणजे दहा गावांमागे एक विहीर बोलते आणि नऊ गावांना तिचे म्हणणे मानून चालावे लागते. पावसाचेही तसेच. 2017 पासून महावेध प्रकल्पाखाली दोन हजारांवर महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली, ही निःसंशय मोठी सुधारणा आहे. पण वळवाचा पाऊस मंडळाची हद्द पाहून पडत नाही. बैलाचे एक शिंग ओले आणि एक कोरडे, असे आपले शेतकरी म्हणतात ते उगीच नव्हे. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पाऊस झाला तर मंडळात अतिवृष्टी मानली जाते, पंचनामे होतात, मदतीचा मार्ग खुला होतो. मंडळाच्या केंद्रावर साठ मिलिमीटर नोंदले गेले आणि चार कोसांवर एखाद्याची पऱ्हाटी गाळासह वाहून गेली, तर त्या शेतकऱ्याने काय दाखवावे? त्याचे बांध फुटले ते सगळ्या गावाने पाहिले. परंतु लिहिलेला आकडा त्याच्या बाजूचा नाही. पर्जन्यमापकाच्या जवळ झाड वा भिंत असू नये, असलीच तर तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावी, असा नियम आहे. तो पाळला आहे की नाही हे पाहण्यास कोणा तज्ज्ञाची आवश्यकता नाही, दहावीतील मुलगाही टेप घेऊन पाहू शकेल. केंद्र कोठे आहे आणि आज सकाळी त्याने काय नोंदविले, हे त्याला ठाऊक मात्र असावयास हवे.

पाण्याच्या गुणवत्तेचा प्रश्न याहून हळवा आहे. आपल्या जिल्ह्यात केळापूर, झरी-जामणीकडील कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची कमाल मर्यादा. त्याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले की मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात, मोठ्यांचे सांधे आखडतात, पाठ वाकते. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. ते पाणी स्फटिकासारखे स्वच्छ दिसते आणि उन्हातून आलेल्या माणसाला अमृतासारखे लागते. डोळ्यांनी पाहून कळणारी ही गोष्ट नव्हे, प्रयोगशाळेनेच सांगावयाची. आणि प्रयोगशाळेने सांगितलेले ज्या बाईने हंडा भरला तिच्यापर्यंत पोहोचले नाही, तर ती तपासणी झालीच नाही असे मी मानतो. आपल्या राज्यात पाण्याच्या स्वच्छतेवरून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे आणि हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. कल्पना उत्तम आहे, रंग निरक्षरालाही कळतो. ते कार्ड ग्रामपंचायतीच्या कपाटात न राहता हातपंपाशी लागले पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.

कागद कपाटात राहिल्याने काय होते याचे मोठे उदाहरण आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञसमितीने पश्चिम घाटाविषयीचा आपला अहवाल 31 ऑगस्ट 2011 रोजी केंद्र सरकारला सादर केला. सह्याद्रीच्या कुशीतील कोट्यवधी लोकांच्या जगण्याशी ज्याचा संबंध, तो अहवाल मंत्रालयाने प्रकट केला नाही. माहितीच्या अधिकाराखाली एका नागरिकाने तो मागितला. केंद्रीय माहिती आयोगाने तो द्यावा असा निर्णय दिला. मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेथेही त्याचे म्हणणे टिकले नाही. आणि 2012 च्या मे महिन्यात अहवाल लोकांसमोर आला. या नऊ महिन्यांत अहवालाविषयी नाना वावड्या उठल्या, आणि मूळ मजकूर हाती नसल्याने त्या खोडून काढता येईनात. गावोगावी जो विरोध उसळला तो बव्हंशी न वाचलेल्या अहवालाला होता. गाडगीळांच्या शिफारशींशी कोणी सहमत असो वा नसो, हा त्यांचा आग्रह मला निर्विवाद वाटतो की, निर्णय ग्रामसभेपासून वर जावा आणि त्यासाठी माहिती आधी ग्रामसभेपर्यंत खाली यावी.

सर्व माहिती सरसकट उघडी करावी काय, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. आपल्याच जिल्ह्यातील टिपेश्वरच्या अभयारण्यातून एक तरुण वाघ 2019 साली गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला, तेलंगणाची हद्द शिवून, शेते, रस्ते, नाले ओलांडीत तेराशे किलोमीटरांहून अधिक भटकून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगेच्या जंगलात जाऊन पोहोचला. तो आज रात्री कोणत्या नाल्यात बसला आहे, हे जाहीर करणे म्हणजे शिकाऱ्याला त्याचा पत्ता देणे होय. ते गुप्तच राहिले पाहिजे. परंतु तो ज्या वाटेने गेला ती वाट, ज्या ओढ्याकाठच्या झाडीने त्याला आसरा दिला ती झाडी, पुढे जेव्हा कोणी रस्ता वा कालवा आखील तेव्हा सर्वांना ठाऊक असावी. सजीवाच्या प्राणाला धोका असेल तेथे गुप्तता हा धर्म आहे. विहिरीच्या पातळीला, नदीतल्या रसायनाला, वणीकडच्या कोळशाच्या धुळीला तो लागू करणे मला मान्य नाही. आकडे कळले तर लोक घाबरतील, असेही सांगण्यात येते. ज्यांनी लागोपाठ नापिकीची वर्षे काढली, त्या लोकांना आकड्याने घाबरविण्यासारखे काही उरलेले नाही.

कायद्याची उणीव आहे असेही नाही. 2005 च्या माहिती अधिकार अधिनियमाच्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर कोणी न मागताच माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आहे. पर्यावरणाच्या जनसुनावणीपूर्वी प्रकल्प-अहवालाचा सारांश राज्यभाषेत उपलब्ध करावा लागतो. 2020 साली पर्यावरणीय मंजुरीच्या नव्या नियमांचा मसुदा केवळ इंग्रजी व हिंदीत निघाला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत काढण्यास फर्माविले. हे भाषेचे प्रकरण मला किरकोळ वाटत नाही. 'भूपृष्ठाखाली 7.40 मीटर' हे ज्याला उमगत नाही, त्याला 'गेल्या मार्चपेक्षा अर्धा परस खाली' हे तत्काळ उमगते. आणि लोकांच्या मापात सांगितल्याने शास्त्राचे काडीमात्र नुकसान होत नाही.

हे होऊ शकते याचा दाखला अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने दिला आहे. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली त्या अवर्षणग्रस्त गावाने आपल्या शिवारातला पाऊस मोजला, विहिरींची पातळी मोजली, आणि दरवर्षी पावसाळा सरल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडण्यास आरंभ केला: इतके पाणी आले, पिण्याला इतके, जनावरांना इतके, उरले त्यात ही पिके बसतात आणि ही बसत नाहीत. शेतीसाठी कूपनलिका नाही हा निर्बंध त्या लोकांनी स्वतःवर घालून घेतला तो कोणा अधिकाऱ्याच्या हुकमाने नव्हे. आकडा सर्वांनी मिळून मोजला होता, म्हणून तो सर्वांनी मानला. केंद्र सरकारने 2019 च्या डिसेंबरात अटल भूजल योजना सुरू केली, तिच्यात भूजलाची माहिती लोकांसमोर प्रकट करणे ही निधी मिळण्याची एक अट ठेवली. महाराष्ट्रातील तेरा जिल्हे तीत घेतले; शेजारचा अमरावती त्यांत होता, आपला यवतमाळ नव्हता. परंतु आकडा वाचून दाखविण्यासाठी निधी लागत नाही.

आणि ही रीत आपल्याला परकी थोडीच आहे? तलाठ्याने गावचे अधिकार अभिलेख, खातेदारांची नावे, पिकांच्या नोंदी चावडीवर मोठ्याने वाचाव्या, ज्याची हरकत असेल त्याने तेथेच उभे राहून ती नोंदवावी, या चावडी वाचनाची प्रथा आपल्या मुलकी कारभारात पूर्वापार आहे. विदर्भातील निस्तार पत्रकात तर गावची गुरे कोठे चरतील, सरपण कोठून येईल हे लिहिलेले असते, आणि त्याचा मसुदा गावात प्रसिद्ध करून, लोकांचे म्हणणे ऐकून ते पक्के करावे असा महसूल संहितेचा दंडक आहे. जमिनीचे वाचन होते, मग पाण्याचे का होऊ नये? ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे, या चार मोजण्यांनंतर आठ दिवसांच्या आत त्या त्या पाणलोटातील प्रत्येक गावच्या चावडीवर विहिरीची पातळी, मंडळाचा पाऊस आणि हातपंपाच्या पाण्याचा तपास वाचला जावा, आणि खालच्या बाजूस गावकऱ्यांच्या हरकतीसाठी कोरी जागा असावी. हरकत घेणारा माणूस हा पाहणीचा शत्रू नव्हे. चुकीचा आकडा दुरुस्त होण्याचा तोच एक खात्रीचा मार्ग आहे. ही मागणी मी या व्यासपीठावरून शासनाकडे करीत आहे, आणि आपल्या ग्रामसभांनी तसे ठराव करावे अशी विनंती करीत आहे.

शासनाचे होईल तेव्हा होवो. कळंबकरांनी मात्र त्यासाठी थांबू नये. देवस्थानच्या विश्वस्तांना आणि येथील शिक्षकांना माझी हात जोडून प्रार्थना आहे की, कुंडाच्या भिंतीवर, पूजेअर्चेला बाधा न येईल अशा जागी, सेंटिमीटरच्या खुणांची एक पट्टी बसवावी, आणि येत्या मृगापासून दररोज सकाळी साडेआठ वाजता शाळेच्या एका मुलाने वा मुलीने पायऱ्या उतरून तीवरचा आकडा पाहावा, वहीत लिहावा आणि वर येऊन देवळाच्या दाराशी फळ्यावर मांडावा, म्हणजे दर्शनाला येणारा प्रत्येक माणूस तो वाचील. ज्या दिवशी पाणी चढणार नाही त्या दिवशीही तो लिहावा. आणि पट्टीला पाणी टेकलेलेच नसेल, तर शून्य लिहावे.